दोन उजव्या काड्या

सकाळचे आठ चाळीस. परत आलेला सांगाडा धाकट्या जावेने जोडणीच्या टेबलावर आडवा घातला आणि डाव्या घोट्याचा स्क्रू काढायला घेतला. कारखान्यात शाळा-कॉलेजांसाठी प्लास्टिकचे सांगाडे बनतात. एका शाळेची तक्रार होती, डावं पाऊल नीट बसत नाही.

तिने दोन्ही पायांतली नडगीशेजारची बारीक हाडं सोडवली. इथे त्यांना काडी म्हणतात. डावी कोणती नि उजवी कोणती, हे ठरवताना भलेभले चुकतात. लांबी तीच, जाडी तीच. फरक घोट्याच्या टोकाला. टोक खाली आणि त्याची गुळगुळीत बाजू आपल्याकडे धरली, की शेजारचा छोटा खळगा उजव्या काडीत उजवीकडे येतो, डावीत डावीकडे. या दोन्हींत तो उजवीकडेच होता.

काड्या निवडून ट्रेमध्ये लावते तिची थोरली जाऊ. तिने लावलेला ट्रे धाकटी कधी तपासत नाही. निवड चुकणाऱ्याला पॅकिंगला पाठवतात, तिथे दिवसभर उभं राहायचं. थोरलीच्या गुडघ्यांना ते झेपणारं नाही.

“जाऊबाई, या दोन बघा जरा.”

थोरलीने त्या नाकाजवळ नेल्या. “एक डावी, एक उजवी. सकाळी सकाळी माझी परीक्षा घेतेस?”

“नाकाने नको. अंगठ्याने बघा.”

थोरलीचा अंगठा एका काडीच्या टोकावर फिरला, मग दुसरीच्या. मग तो पुन्हा पहिलीवर आला.

“दोन्ही उजव्या,” ती म्हणाली. “बारीक दिसत नाही गं हल्ली.”

“माहीत आहे. घरी सुईत दोरा मीच ओवून देते ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ऐकून घेतलं असतं?”

थोरलीने दोन्ही काड्या तिच्या हातात परत दिल्या.

मालक आले तेव्हा धाकटीने दोन्ही काड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. “निवड यांची चुकली, आणि मी न बघता जोडल्या.”

“डोळ्यांनी चुकले,” थोरली म्हणाली. “बोटांनी नाही चुकायची.”

मालकांनी दोघींकडे पाहिलं. “उद्याचा माल बोटांनी लावा. एक जरी काडी चुकली तर पॅकिंग.”

“आणि नाही चुकली तर?” थोरलीने विचारलं.

“तर बसा इथेच, माझं डोकं खायला.”

उद्या साडेआठला काड्यांचा साचा उघडेल. थोरली खळगा चाचपून निवड करेल, धाकटी स्क्रू बसवण्याआधी प्रत्येक काडी पुन्हा चाचपेल. पाच वाजता मालक स्वतः ट्रे तपासणार आहेत.