पाच अक्षरं, जोडीनं दोन ई

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी डबा खाताना फोनवर पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ खेळतात. परवा एकीनं विचारलं, दोन ई शेजारीशेजारी येतात असा एखादा पाच अक्षरी शब्द सांग ना. मी एका दमात बारा सांगितले आणि अर्धा डबा तसाच बंद करून उठले. त्यांना वाटलं, मी शहाणपण मिरवतेय. खरं तर मला राग आला होता. हा राग सातवीपासूनचा आहे, अजून जिरलेला नाही, आणि मला तो जिरवायचाही नाही.

आमच्या घरात मेंढरं. गाव पाटोद्याच्या पुढं. माळाची जमीन वडील बघायचे आणि थोरला चुलता दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचा, तो पावसाच्या तोंडाला परतायचा. चुलत्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्या वर्षी चुलती आजारी पडली. चुलत्यानं ठरवून टाकलं की यंदा लेक संगं येईल आणि भाकऱ्या थापील. म्हणजे तिची शाळा संपली. सुटायची एकच वाट होती. जिल्ह्याच्या गावी एक निवासी शाळा होती, राहणं-खाणं फुकट, आणि आमच्या भागातून इंग्रजी शब्दांची परीक्षा घेऊन ती शाळा दिवाळीनंतर दोन मुली नेणार होती. नंबर लागला तर जा, असं चुलता म्हणाला होता. माझा नंबर नाही लागला तरी काही बिघडत नव्हतं. मी गावच्या शाळेत शिकतच राहिले असते.

परीक्षेत अक्षरांची जोडी देणार, शब्द किती अक्षरांचा ते सांगणार, आणि दहा मिनिटांत आठवतील तेवढे शब्द लिहायचे. आम्ही दोघींनी ते मेंढरं मोजतात तसे पाठ केले. सकाळी जाळीच्या कुंपणातून मेंढरं दोनदोन करून सोडतात. तोंडाशी अलीकडं एक माणूस, पलीकडं एक. दोघं मनात आपापलं मोजतात. शेवटी दोघांचा आकडा सारखा निघाला तरच मोजणी खरी, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आम्हीही तसंच करायचो. दोघींनी वेगवेगळं लिहायचं आणि मग पाट्या शेजारी ठेवायच्या.

क्रम तिनं लावला होता. ग्रीन, मग शीप, मग टीथ, चीक, स्वीट. गवत आलं, मेंढरू आलं, चावून गालात धरलं, गोड लागलं. मग व्हील, स्पीड, थ्री. मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रकखाली आमची तीन मेंढरं गेली होती, ते. मग मुक्या के-चा नील, कारण चुलता तिथं रस्त्यावर गुडघे टेकून बसला होता. मग स्लीप. राहिलेले दोन, स्टील आणि क्वीन, तिनं असेच शेवटी लटकवले होते. हा क्रम आमच्या दोघींशिवाय जगात कुणाला सुचला नसता.

परीक्षेला पाच अक्षरं आणि दोन ई हेच आलं. ती पुढच्या बाकावर, मी तिच्या मागं. दोघींनी बाराच्या बारा लिहिले, त्याच क्रमानं. बाहेरून आलेल्या सरांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि त्यांचा चेहरा बदलला. आमच्या माळावर सारखं निघालं की खरं, इथं सारखं निघालं की चोरी.

"जिनं बघून लिहिलं तिनं उभं राहायचं," सर म्हणाले. "दुसरीचा नंबर जाणार नाही. कुणीच उठलं नाही तर दोघी बाद."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की सर, आम्ही मिळून पाठ केलंय. वाक्य तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. भीती वाटली हे खरं, पण वसतिगृहाची गादी आणि नळाचं पाणीही डोळ्यांसमोर आलं, हेही खरंच.

ती उठली. म्हणाली, मी बघितलं.

पुढं बसलेली पोरगी मागच्या बाकावरचं कसं बघणार? सरांना डोळे होते की खाचा? पण तिच्या ओढणीला मेंढरांचा वास येत होता आणि सर मघापासून नाकाला रुमाल लावून फिरत होते. एवढा पुरावा त्यांना पुरला. त्यांनी तिच्या कागदावर लाल रेघ मारली आणि मला शाबासकी दिली. ती शाबासकी मी घेतली.

दिवाळीनंतर मी वसतिगृहात गेले, ती मेंढरांमागं. घराचं नाक कापलं म्हणून चुलता महिनाभर तिच्याशी बोलला नाही. गावात तिला कॉपीवाली म्हणायचे. सुट्टीत आले की माझ्या कानांवर यायचं. मी आळीमिळी गुपचिळी.

गेल्या महिन्यात तिचा तळ कपिलधारच्या रस्त्याला होता. आता तिचा संसार आहे, दोन लेकरं आहेत, मेंढरं नवऱ्याची. मी मुद्दाम गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हसून चहा ठेवला आणि मला तिच्या हसण्याचाच राग आला. कुणी मागितला होता तुझा उपकार, असं मनात येत होतं. शेवटी विचारलंच.

"तू कावून उठलीस तवा? मागं तर मी बसले होते."

तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं.

"आधी तुझी वाट बघितली," ती म्हणाली. "लई येळ बघितली. तू उठली न्हाईस, मंग मी उठले."