गेटाच्या आत

दुष्काळाच्या त्या साली आमच्या उदगीरमध्ये दोनच चर्चा होत्या: टँकर कधी येणार आणि आपला नवा जिल्हा कधी होणार. दोन्हींसाठी बाबा पत्रकं काढायचे. लहानपणी मी वाचायला शिकले तेही त्यांच्या अशाच जुन्या पत्रकांवर.

त्यातच जिल्हा परिषदेच्या आमच्या हायस्कुलात आठवीचा एक नवा वर्ग काढायचं ठरलं. गेटाच्या आत आलं की फक्त इंग्रजी. गणित इंग्रजीत, खो-खो इंग्रजीत, पाणी मागायचं तेही इंग्रजीत. सभेत पालकांनी पुरेसे हात वर केले तर वर्ग आमचा, नाहीतर तो दुसऱ्या तालुक्याला जाणार. मला त्या वर्गात बसायचं होतं. आणि हा वर्ग म्हणजे गरिबाच्या लेकरांच्या तोंडाला कुलूप आहे, हे बाबांचं म्हणणंही मला मनापासून पटलं होतं. बाबांना यातलं फक्त दुसरं माहीत होतं. त्यांनी मला शाळेच्या मैदानावरच्या सभेत बोलायला उभं केलं.

"मूल आईच्या भाषेत विचार करतं," मी मूठ आवळून सुरुवात केली, "म्हणून शिक्षण मराठीतच..."

तेवढ्यात टँकर मैदानात शिरला. निम्मे पालक घागरी घेऊन पळाले. रांगेतून आईनं हाक मारली, "बा इल्ली, बा!" इकडं ये म्हणून. आई सीमेपलीकडची, बिदरकडची. घाई झाली की तिच्या तोंडून कन्नडच यायचं.

शेजारची काकू पदर खोचत ओरडली, "अगं ए पुढारीण! आईच्या भाषेत म्हनतीस, मंग कन्नडमधून शीक की!"

सगळं मैदान हसलं. बाबा खाली बघत राहिले. पुढचं वाक्य मला पाठ होतं, पण ते आता कुणाच्या बाजूचं, हेच कळेना.

आई घागर रांगेत ठेवून आली आणि तिनं हात वर केला. "गुरुजी, माझी पोरगी घ्या."

तिच्यामागं बरेच हात वर झाले.

घरी बाबा आईला म्हणाले, "चार माणसांत नाक कापलंस माझं."

"मी लगीन होऊन आले तवा या घरात कन्नड बोलनारं कुनी होतं का? मला इचारलं का कुनी, तुला कोन्ती भाषा पायजे?"

"ते लई चांगलं झालं म्हणतेस? मग पोरीनंबी तेच सोसायचं?"

आई घागर उचलून आत गेली. मला दोघांचंही पटलं होतं, आणि त्यामुळं कुणाशीच भांडता येईना.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी बाबा गेटाबाहेर उभे राहून वर्गाच्या विरोधातलं पत्रक वाटत होते. परक्याला द्यावं तसं त्यांनी मलाही एक दिलं. मग हळूच विचारलं, "डबा घेतलास ना?"

आत नव्या बाईंनी माझ्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. यात काय लिहिलंय, असंच असणार. मी उभी राहिले. वाक्य न् वाक्य मला पाठ होतं, आणि त्यातलं एकही तिथं बोलता येईना. बाबांचं म्हणणं माझ्याच तोंडात खरं ठरत होतं. तरी बाई 'बस' अशी खूण करेपर्यंत मी उभीच राहिले, कारण मला घरी जायचं नव्हतं.