अण्णांनी विचारलेला प्रश्न

प्रिय तन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, हल्ली टीव्हीवर चित्रसंग्रहालयांच्या टूर बघत नाहीस का? दोन महिने झाले, आमच्या अकाउंटवर काही सुरूच केलेलं दिसत नाही." मी म्हटलं, डोळे दुखतात. ते खरं नव्हतं. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवताना 'वाक्य पूर्ण करा' असं सांगत आले, तेव्हा माझं हे अर्धं वाक्यही मीच पूर्ण करायला हवं. शिवाय ज्यांच्यामुळे ते अर्धं राहिलं, ते नरसय्याअण्णा आता नाहीत.

तुम्हाला अण्णा आठवत असतील. तुमची नावं ग्राफ कागदावर चौकोन भरून लिहून दिली होती ना, ते. त्यांची मुलगी पद्मा माझी विद्यार्थिनी, त्यामुळे ते मला 'बाई'च म्हणायचे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांसाठी त्यांनी चाळीसेक वर्षं ग्राफ काढले. म्हणजे असं, की मोर विणायचा असेल तर आधी तो बारीक चौकोनांत रंगवायचा, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि ती कार्डं मागावर फिरली की कापडात मोर उमटायचा. पुढे हे काम कॉम्प्युटरवर गेलं आणि अण्णा घरी बसले. आपल्या हॉलमधला भिंतीवरचा विणलेला मोर त्यांचाच. पद्मा शिक्षिका झाली तेव्हा त्यांनी तो मला दिला होता. त्या मोरावर एक पांढुरकं धुकं दिसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने सांगायची, "पहाटेचा मोर आहे."

तुम्ही टीव्हीवर त्या टूर लावून दिल्यात, तेव्हा मला एकटीला बघायला कंटाळा येई. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी अण्णांना बोलवू लागले. ते यायचे, मोराकडे पाठ येईल अशी वेताची खुर्ची धरायचे. मला वाटे, पंख्यासाठी. संग्रहालयाची दालनं दाखवणारे क्युरेटर इंग्रजीत बोलणार, मी थांबवून मराठीत सांगणार. अण्णांना चित्रकारांच्या चरित्रांत रस नसे. राजघराण्यातल्या बायकांची चित्रं आली की ते म्हणायचे, "तोंड ऱ्हाऊ द्या बाई, पदर बघा. ह्यानं कापड कधी हातात धरलेलं न्हाय." एकदा एका प्रसिद्ध चित्रातल्या गालिच्याला त्यांनी नापास केलं, आणि मी इतकी हसले की चहा सांडला.

मग ती थेट प्रसारणाची टूर आली. परदेशातल्या एका संग्रहालयाचं वस्त्रांचं दालन होतं. क्युरेटर बाई हुशार, बोलणं मृदू. एका जुन्या भिंतवस्त्रासमोर त्या थांबल्या. झाडं होती, दोन हरणं होती आणि सगळ्यावर धूसर पडदा. त्या म्हणाल्या, विणकराने इथे पहाटेचं धुकं विणलं आहे. मला लगेच पटलं. आपल्या मोरावरही तसंच धुकं होतं ना!

अण्णा खुर्चीतून पुढे सरकले. "बाई, उलटं टांगलंय की हे!"

"काहीतरीच काय अण्णा? डॉक्टरेट आहे त्यांची."

"असू दे की. ज्या रंगाचं काम नसतं तो धागा मागनं मोकळा जातोय. तेच दिसतंय हितं. धुकं कसलं? पाठ हाय ती." आणि मग लहान मुलासारखे म्हणाले, "विचारा की त्यांना. लोक शिकायला येत्यात तिथं, चुकीचं शिकून जातील."

खिशातून ग्राफचा तुकडा काढून त्यांनी पेन्सिलीने प्रश्न लिहिला, शेजारी मोकळ्या धाग्याची लहानशी आकृती काढली. मी टॅबवर प्रश्नाच्या चौकटीत तो इंग्रजीत उतरवला. तीन वाक्यं, निर्दोष. वर इतरांचे प्रश्न दिसत होते, नावं आणि गावं यांच्यासकट. कुणी प्राध्यापक, कुणी संशोधक. त्यांच्याखाली माझं नाव, सोलापूर, आणि 'तुमचं कापड उलटं आहे'... मला लाज वाटली. अण्णांची नव्हे, चुकलो तर माझं हसं होईल याची. मी तिन्ही वाक्यं पुसली.

"गेलं का बाई?"

"गेलं."

चिठ्ठी मी 'पूर्ण' असं लिहिलेल्या फाइलमध्ये लावली. माझी शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढच्या गुरुवारी दारातूनच त्यांनी विचारलं, "आलं का उत्तर?" मी म्हटलं, मोठ्या संस्था असतात, वेळ लागतो. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. पाचव्या की सहाव्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडलं. त्यानंतर हळूहळू पदर, गालिचे यांवरचं बोलणंही थांबलं. नुसते बघत बसायचे. मी एकदा मुद्दाम विचारलं, "अण्णा, हा शालू कसा वाटतो?" तर म्हणाले, "तुमीच सांगा बाई. मोतीबिंदू काढल्यापासनं माझ्या डोळ्याचा काय भरवसा न्हाय."

खरं सांगायची ती वेळ होती. मी व्हिडिओ पुढे सुरू केला.

शेवटच्या गुरुवारी निघताना चप्पल घालता घालता ते म्हणाले, "बाई, त्या क्युरेटर बाईंना लिहून टाका. म्हातारा चुकला म्हणा. उगं त्यांना वाईट वाटायला नको." मी म्हटलं, "लिहिते." पाच दिवसांनी सकाळी पद्माचा फोन आला. "बाई, अण्णा गेले. चहा घेता घेता..."

त्यांच्या घरी गेले तेव्हा पद्मा सांगत होती, "गल्लीभर सांगत फिरायचे, माझा प्रश्न फॉरेनच्या म्युझियमला गेलाय म्हणून. नंतर कुणी विचारलं की विषय बदलायचे." मी मान हलवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो प्रश्न संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवला, अण्णांच्या नावाने. दहा दिवसांत उत्तर आलं, दहा दिवसांत! निरीक्षणाबद्दल आभार, वस्त्र पुढच्या वेळी खाली उतरवलं की तपासून बघू. एवढंच.

मागच्या आठवड्यात पद्मा मला भेटायला आली. अण्णांच्या खुर्चीत न बसता समोर बसली, म्हणजे मोराकडे तोंड करून. बघितलं आणि म्हणाली, "बाई, हा उलटा लावलाय की!"

घराला रंग दिला तेव्हा मोराचं तोंड खिडकीकडे यावं म्हणून मीच तो फिरवून लावला होता. त्याला बारा वर्षं झाली. अण्णांनी एका शब्दाने सांगितलं नाही. माझं घर, माझी भिंत. नुसती पाठ करून बसत राहिले.

पद्माने स्टूल घेतलं, मोर ज्या दांडीवर टांगला होता ती उतरवून फिरवली. ती वर उभी असतानाच मी तिला सगळं सांगितलं. तिने दांडीचं दुसरं टोक खिळ्यात नीट बसवलं, खाली उतरली, हात झटकले. "बाई, प्रश्न गेलाच नव्हता, एवढं तरी अण्णांना कळायला पाहिजे होतं," म्हणाली. मी चहा ठेवत होते, पण ती थांबली नाही. अजून फोनही आलेला नाही. मी करणार आहे. काय बोलायचं ते ठरत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. टूर बघायची असेल तर थांबवून थांबवून सांगायला शेजारी कुणी लागतं, आणि ज्यांना सांगायचं त्यांच्याशी मी खोटं बोलले.

मोराचं तोंड आता स्वयंपाकघराकडे आहे. धुकं नाही. पिसाऱ्यातलं एकेक पीस निळं-हिरवं, स्वच्छ दिसतं. चिठ्ठी मी 'पूर्ण'मधून काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. अण्णांच्या हातचं या घरात एवढंच आहे... एक मोर, आणि पेन्सिलीने लिहिलेला एक बरोबर प्रश्न.