हुसेनभाईंची परवानगी

मोकळ्या जागेत पाऊल टाकण्याआधी तुम्ही कधी परवानगी घेतली आहे का? कचेरीची म्हणत नाही; ती आपण सगळेच घेतो.

भिंगारच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवणारे हुसेनभाई ओसाड माळाच्या कडेलाही चपला काढून विचारत, "येऊ का?" थोडं थांबत. कुणी नको म्हणालं नाही, की आत जात. लहानपण काष्टीकडच्या खेड्यात गेलेलं. "दार उघडं असलं तरी हाक द्यायची," म्हणत.

आम्हा भाडेकरूंची घरबांधणी सोसायटी निघाली. भाई चेअरमन झाले. गावाबाहेर एका टेकाडाची जमीन घेतली. घर हा आमचा हक्क आहे, अशी पत्रकं मी लिहिली. भाईंनी पाया खणायच्या आधीच खिडक्यांचे पडदे शिवले.

बिनशेतीची परवानगी आली. पहिली कुदळ पडली ती टेकाडावर, भाईंच्याच प्लॉटवर. हातभर खाली चूल लागली. चुलीवर काळं पडलेलं मडकं, तसंच.

भाई खड्ड्यातून वर आले आणि चपला घालू लागले. "चला रं. घरात मान्सं हायेत."

"ती कवाच मेली, भाई!" माझा शेजारी गणपत ओरडला. "भाडं आमी भरतोय, ती न्हाई!"

"व्हय. पन चूल त्यांची हाय. आपुन उशिरा आलो."

पुरातत्त्वाचे साहेब आले, चहा प्यायले, "जुनं आहे," म्हणाले. ते आम्हालाही दिसत होतं. काम थांबवा म्हणेनात, चालू ठेवा म्हणेनात. शेवटी भाईंनीच नकाशा बदलून घेतला. टेकाड मोकळं, घरं खालच्या अंगाला. एक प्लॉट कमी पडला.

"माजाच गेला, बरं झालं," भाई म्हणाले. "दुसऱ्याचा जाता, तर रोज शिव्या खाल्ल्या असत्या."

भाभींनी त्या दिवशी ताट वाढलं आणि शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं भाईंच्या पुढ्यात आणून टाकलं. पडदे भाड्याच्या खोलीतल्या एकुलत्या खिडकीला लागले. लांब होते, जमिनीवर लोळत.

गेल्या महिन्यात त्याच खोलीत भाई गेले. सगळ्यांत जास्त गणपत रडला. मग प्रेमापोटी त्यानं ठराव आणला, की टेकाड मोकळंच आहे, तिथं भाईंच्या नावाचं सभागृह बांधू. असे अर्ज लवकर मंजूर होतात.

रविवारी संध्याकाळी टेकाडाच्या पायथ्याशी सभा आहे. सभासद असाल तर या आणि ठरावाविरुद्ध हात वर करा. नसाल तर कचेरीत हरकत द्या. आणि टेकाडावर चढणार असाल, तर आधी विचारा. आता आत भाईही असतील.