परवानगीचा फोटो

आज सकाळी आईने आरशासमोर कुंकवाचा करंडा उघडला आणि सानपाड्याचा तो ट्रॅव्हल एजंट आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. माझी बहीण तेव्हा परदेशात होती, तिचे दिवस भरत आले होते आणि आई-बाबा तिच्या बाळंतपणाला निघाले होते. त्या देशाला व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. बाबांची लगेच आली. आईचा घरच्या गुलाबी भिंतीसमोर काढलेला फोटो मात्र वेबसाइट काही केल्या घेईना. रूम फ्रेशनरच्या उग्र वासाने भरलेल्या त्या दुकानात एजंट स्क्रीनवरून नजरही न हटवता म्हणाला, "मावशी, कुंकू पुसा. त्याच्यामुळेच रिजेक्ट होतंय." बाबा ताडकन उठले. "मी जिता हाय अजून!" आईने पदराने कपाळ खसाखसा पुसलं आणि त्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर जाऊन बसली. परवानगी आली. "बघा, बोललो ना?" म्हणून तो वर हसला. घरी येऊन मी वेबसाइटवरचे नियम वाचले. मागची भिंत पांढरी हवी, एवढंच त्यात होतं. कुंकवाबद्दल एक अक्षर नव्हतं. गेल्या वर्षी बाबा गेले. गावातल्या बायका कुंकू पुसायला पुढे आल्या, तेव्हा आईने त्यांचे हात बाजूला केले. "यांच्या डोल्यांदेखत एकदा पुसलंय," ती म्हणाली, "आता कुनाच्या सांगन्यावरून पुसनार नाय."