आठवड्याची कॅप्सूल

परवा नातीने विचारलं, "आजी, तू कधी जेलस झाली होतीस?" झाले होते म्हणजे काय, जळून कोळसा झाले होते. पन्नाशीला टेकलेली बाई, सून यायची वेळ झालेली, आणि जळत होते कशावर, तर गोळ्यांच्या डबीवर!

रियाधला आमच्या वरच्या मजल्यावर एक पुण्याची बाई राहते. फार्मसी शिकलेली, पण नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर आलेली; नोकरीची मुभा नाही, म्हणून घरीच. आमच्या ह्यांचं युरिक ॲसिड वाढलं, पायाचा अंगठा सुजला, किडनीवरही परिणाम दिसायला लागला. ॲसिड म्हटल्यावर मी घरातलं कोकम, चिंच, लिंबू सगळं बंद केलं. ती हसली. "वहिनी, ते आंबटाने नाही हो वाढत!" हेही हसले. माझ्या बोलण्यावर हे असे शेवटचे कधी हसले होते, ते काही आठवेना.

पुढच्या शुक्रवारी ती सात खणांची डबी भरूनच घेऊन आली. ह्यांचं व्हिटॅमिन डी कमी होतं. उन्हाचा देश खरा, पण उन्हात जातो कोण? डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली होती. तिने ती ह्यांच्या हातावर ठेवली आणि हे शहाण्या बाळासारखे गिळून मोकळे! माझा काढा मात्र नाक धरून घेणार.

मी खालच्या दुकानातून त्याच कॅप्सूलची बाटली आणली. ती आठवड्याला एक देते काय? मी रोज देणार. सकाळी, दुधाबरोबर, माझ्या हाताने. बायको आहे मी!

अडीच महिन्यांत ह्यांची भूक गेली, मळमळ, सारखी तहान. आणि मी बया मनातून खूश: बघा, बाधल्या तिच्या गोळ्या! तपासणीत कॅल्शियम भलतंच चढलेलं, किडनी आणखी घसरलेली. डॉक्टर हैदराबादचे. म्हणाले, "घर में जो भी दवा है, सब लेके आओ." गोळ्यांची माहिती तिलाच, म्हणून तीही सोबत आली.

माझ्या पिशवीतून बाटली निघाली. अडीच महिन्यांपूर्वी भरलेली आणलेली, आता तळाला चार कॅप्सूल.

डॉक्टर ओरडलेच, "ये रोज किसने दी? इसी से कॅल्शियम चढा. किडनी खलास हो जाती!"

तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "डिब्बी मैं भरती हूँ, डॉक्टर. मेरी ही गलती होगी."

म्हणजे इथेही हीच मोठी! आता हे जन्मभर हिचे गुण गाणार. मी ताडकन म्हटलं, "नहीं डॉक्टर, मैंने दी. रोज दी." खरं बोलले, पण खरेपणापायी नाही हो, जळून.

ह्यांना ॲडमिट करून सलाईन लावलं. मी उशाशी बसून रडत होते.

"अहो, दोघींकडून तीच कॅप्सूल येतेय, हे कळत नव्हतं तुम्हाला?"

"कळत होतं की."

"मग?"

"तू दूध घेऊन मी गिळेपर्यंत समोर उभी राहायचीस. एवढा वेळ माझ्याकडे बघत तू कधी उभी राहिली होतीस?"



किडनी सावरली, पण पूर्ण नाही. तेव्हापासून डबी मी भरते, ती समोर बसून खण न् खण तपासते. मी तिला कोकम सरबत देते. साखर जरा कमीच घालते.