अस्तराचा फोटो

कर्जतच्या भामाबाई कुणावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. दूधवाल्यानं मोजून दिलेलं दूध त्या घरच्या मापानं पुन्हा मोजत. पण हा संशय काही उगाच उगवलेला नव्हता.

गोधड्या शिवण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चिंध्यांच्या तिकोनी तुकड्यांतून त्या आठ पाकळ्यांची चांदणी उभी करत. ती त्यांनी स्वतः बसवलेली, लेकीलासुद्धा सहजी न शिकवलेली. एकदा नगरचा एक व्यापारी 'नमुना' म्हणून एक गोधडी घेऊन गेला. पुढच्या वर्षी जत्रेत मशीनवर छापलेल्या चादरींचा ढीग लागला, आणि प्रत्येकीवर तीच चांदणी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भामाबाई तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागल्या.

अशात, नव्व्याण्णव साली, शेजारच्या गोजरबाई पुण्याच्या लीना नावाच्या मुलीला घेऊन आल्या. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. बायकांच्या हातच्या वस्तूंचे फोटो तिची संस्था इंटरनेटवर टाकणार होती.

"म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या जगाला दिसतील, मावशी. आवडलं की तिकडून मागणी येईल."

"सगळ्या जगाला?" भामाबाईंना जत्रेतला तो ढीग आठवला. एका व्यापाऱ्यानं एवढं केलं, तर जग काय शिल्लक ठेवणार होतं?

पण कामाची आशाही सुटेना. त्यांनी शक्कल लढवली. स्वतःच्या अंथरुणातली गोधडी आणून अंगणात बाजेवर पसरली, ती उलटी. वर आलं अस्तर: जुनं हिरवं लुगडं, विरून मऊ झालेलं, जागोजाग रफू केलेलं. चांदणी गेली खाली, बाजेच्या सुंभाकडं तोंड करून.

"अशीच असते का?" लीनानं विचारलं.

"अशीच असती."

लीनानं कॅमेरा डोळ्याला लावला तशा भामाबाई गालातल्या गालात हसल्या. न्या म्हणावं आता काय न्यायचं ते.

दोनेक महिन्यांनी लीना खुशीत परत आली. लंडनच्या एका बाईंना गोधडी हवी होती. "आणि अशी दुसरी नको, हीच हवी म्हणतात. हा विटका हिरवा रंग, हे रफू, त्यांना फार आवडलंय."

भामाबाईंचा चेहरा उतरला. ते लुगडं त्यांच्या आईचं होतं. ती रस्त्यावर खडी फोडायला जायची ती याच लुगड्यात, आणि रफूही तिच्याच हातचं. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. आईचा कधी निघालाच नव्हता.

"हे माज्या आईचं हाय. ह्येचा फोटू काडायला तुमाला कुनी सांगितलं?"

लीना गोंधळली. "कुणीच नाही, मावशी. तुम्हीच तर पसरलं होतं."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. चांदणी झाकायच्या नादात त्यांनी आईच उघड्यावर टाकली होती.

"ही इकायची न्हाई."

"मग त्यांना काय दाखवू? काम हातचं जाईल."

भामाबाई उठल्या, गोधडी आणली आणि बाजेवर सुलटी टाकली. लाल-पिवळी चांदणी उन्हात आली. लीना बघतच राहिली.

"हिचा फोटू काडा. अशी नवी शिवून दीन. पर आदी त्यो फोटू कॉम्प्युटरातनं काडून टाका."

"आज पुण्याला गेले की काढते. आणि हा तुमच्याकडं ठेवा." लीनानं पिशवीतून हिरव्या लुगड्याचा फोटो काढून दिला.

भामाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "कॉम्प्युटरातनं काडला का न्हाई, हे मला हितं बसून कसं कळायचं?"

लीनानं कॅमेरा उचलला. बटण दाबल्याचा आवाज झाला तेव्हा भामाबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या दारातून आत, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खिळा कुठं बसेल ते बघत होत्या.